‘यू-ई’ : चिनी सरकारी भाषेतला एक शब्द वाचावा कसा, लिहावा कसा

चिनीत रोजचे बोलणे जमू लागले की बाजारातला भाव, वसतिगृहातली कामे, रेल्वेचे तिकीट यांत फारसे अडत नाही. अडते ते कागदापाशी. विद्यापीठाची नोटीस, व्हिसा कार्यालयातला नियमांचा फलक किंवा पुरवठादाराने पाठवलेला करार समोर आला की ओळखीची अक्षरेही अनोळखी वाटतात. या कागदांत सतत भेटणारा शब्द म्हणजे यू३-ई३. चिनी भाषेच्या सहा पातळ्यांच्या एचएसके परीक्षेत तो थेट सहाव्या पातळीच्या यादीत येतो, पण चीनमध्ये राहणाऱ्याला त्याची गरज त्याच्या कितीतरी आधी पडते. तुमचा अर्ज मंजूर झाला की परत आला, अनामत मिळणार की बुडणार, हे बहुतेक वेळा या शब्दाच्या आसपासच लिहिलेले असते.

लिहिण्याच्या पद्धतीबद्दल आधी थोडेसे. चिनी शब्द इथे देवनागरीत दिले आहेत आणि प्रत्येक अक्षरापुढे स्वराचा आकडा आहे: १ वरचा सपाट, २ चढता, ३ खाली दबणारा, ४ कोसळता. आकडा नसेल तर अक्षर हलके म्हणायचे. पिनयिनमध्ये, म्हणजे चिनी उच्चार रोमन लिपीत लिहिण्याच्या पद्धतीत, रोमन ‘बी’ने लिहिलेला आवाज खरे तर आपला प असतो आणि ‘पी’ने लिहिलेला आपला फळातला फ. त-थ आणि क-ख यांचेही तसेच. हा श्वासाचा फरक मराठी कानाला जन्मापासून ओळखीचा आहे, तो रोमन अक्षरांच्या नादाने गमावू नका. इंग्रजी ‘एफ’चा आवाज नुक्ता देऊन फ़ असा लिहिला आहे. च आणि छ यांच्यापुढे ई किंवा य असेल तर ‘चहा’तला आवाज काढा, एरवी जीभ मागे वळवून.

पहिली पायरी : आवाज आणि अक्षर

‘यू’ म्हणताना जीभ ‘ई’च्या जागी ठेवा आणि ओठ मात्र ‘ऊ’सारखे गोल करा. जीभ मागे गेली की साधा ‘ऊ’ ऐकू येतो आणि शब्द हरवतो.

दोन्ही अक्षरे तिसऱ्या स्वराची आहेत. तिसऱ्यापुढे तिसरा आला की पहिला चढता होतो, म्हणून लिहायचे यू३-ई३ पण म्हणायचे यू२-ई३. पुढे आणखी एक तिसऱ्या स्वराचे अक्षर आले, उदाहरणार्थ यू३-ई३ प्याओ३-यांग२ (जाहीर कौतुक करणे), की ‘ई’सुद्धा चढते आणि उच्चार यू२-ई२-प्याओ३-यांग२ असा होतो. मोठ्याने वाचून दाखवायच्या परीक्षेत गडबड होते ती इथेच.

पहिल्या अक्षराचा मूळ अर्थ ‘देणे’, दुसऱ्याचा साधारण ‘-ने’ किंवा ‘घेऊन’. दोन्ही चार-चार रेघांची आहेत. पहिल्याला डावीकडे एक तिरकी रेघ जास्त पडली की पाच रेघांचे ‘माओ२’ होते, म्हणजे भाला. हाताने लिहिताना ही चूक फार होते, त्यामुळे शेवटची आकडेवाली उभी रेघ ओढून झाली की हात उचलायचा. यू-ईतले हे पहिले अक्षर अभिजात चिनीत ‘यू२’ असेही वाचले जाते आणि तिथे त्याचा अर्थ ‘मी’ असतो. जुनी कविता वाचताना दचकू नका. आजच्या कागदात ते ‘देणे’च.

फोनवर पिनयिनने टाइप करताना वाय-यू-वाय-आय दाबल्यावर याच आवाजाचे इतर शब्दही समोर येतात. त्यांत ‘गर्भितार्थ’ आणि ‘पंख’ या अर्थांचे शब्द असतात. पहिला दिसेल तो उचलला तर अर्ज विचित्र होतो. आधी अक्षर ओळखा, मगच निवडा.

दुसरी पायरी : हा शब्द वाक्यात काय करतो

अर्थाने तो जवळजवळ रिकामा आहे. खरा अर्थ पुढच्या क्रियापदात असतो. यू-ई फक्त एवढे सांगतो की ही वागणूक अधिकार असलेल्याकडून दुसऱ्याला दिली जात आहे. फी१-चुन३ म्हणजे मंजूर करणे. यू३-ई३ फी१-चुन३ म्हणजे मंजुरी देणे. मराठी वाचकाला हे वळण शिकवावे लागत नाही. शासन निर्णयात ‘मंजूर केले’ असे न लिहिता ‘मंजुरी प्रदान करण्यात येत आहे’ असे लिहितात, तोच हा थाट.

तो थाट लक्षात ठेवला की कुठे वापरू नये हेही आपोआप कळते. मित्राला ‘कॉलेजने रजा मंजूर केली’ असे सांगायचे असेल तर श्युए२-श्याओ४ फी१-चुन३ ल एवढे पुरे. तिथे यू-ई घातला तर मित्राला तुम्ही नोटीस वाचून दाखवता आहात असे वाटेल. हा लिखाणातला शब्द आहे. बातम्या, भाषणे आणि न्यायालयातले बोलणे सोडले तर तोंडी फारसा येत नाही.

तिसरी पायरी : पुढे कोणते क्रियापद चालते

दोन अटी आहेत आणि दोन्ही पाळाव्या लागतात.

पहिली अट तालाची. पुढचे क्रियापद दोन अक्षरांचे हवे. ‘फी१’ एकटाही मंजूर करणे या अर्थाने चालतो, पण यू-ई फी असे कोणी लिहित नाही. दोन अधिक दोन अशी चार अक्षरांची चाल हीच औपचारिक चिनीची चाल आहे.

दुसरी अट अर्थाची. क्रिया अशी हवी की जी एकाच्या हातात आहे आणि दुसऱ्याच्या वाट्याला येते. श्यी३-ह्वान (आवडणे) दोन अक्षरांचा असूनही चालत नाही, कारण आवड कोणी अधिकारात देत नाही. खाणे, जाणे, माहीत असणे हेही नाहीत. चालणारी क्रियापदे थोडकी आहेत आणि ती सुटी पाठ न करता यू-ईसह जोडीनेच पाठ करावीत:

- चर१-छर२ : पाठिंबा देणे
- खाओ३-ल्यू४ : विचार करणे
- श्ये२-चू४ : सहकार्य करणे
- ल्यांग४-च्ये३ : समजून घेणे (गैरसोयीबद्दलच्या सूचनेत हमखास)
- थुई४-हुआन२ : परत करणे
- पू३-छांग२ : भरपाई देणे
- कोंग१-पू४ : जाहीर करणे
- च्यो१-चंग४ : दुरुस्त करणे
- छ्यू३-श्याओ१ : रद्द करणे
- छू३-फ़ा२ : दंड किंवा शिक्षा करणे

क्रियापदाला विशेषण लावायचे असेल तर ते मध्ये बसते: यू३-ई३ येन२-सू४ छू३-ली३, म्हणजे ‘कडक कारवाई’. क्रियाविशेषणे आणि ‘करावे’, ‘करता येईल’ असे शब्द मात्र यू-ईच्या आधी येतात. ई१-फ़ा३ यू-ई म्हणजे कायद्यानुसार, चुओ२-छिंग२ यू-ई म्हणजे परिस्थिती पाहून. यिंग१-तांग१ यू-ई असेल तर ते करणे बंधनकारक आहे. यू-ईच्या आधी काय आहे हे न पाहता पुढचे क्रियापदच वाचणारे नवशिके नियम आणि सवलत यांची गल्लत करतात. ‘चुओ-छिंग’ दिसले की समजा, निर्णय साहेबाच्या हातात आहे.

‘ल’, ‘च’, ‘कुओ’ ही काळ-स्थिती दाखवणारी शेपटे यू-ईला लावू नका. काही बातम्यांत ‘यू-ई ल’ सापडते, पण शिकणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये. ‘मंजुरी दिली आहे’ म्हणायचे असेल तर आधी ई३ (आधीच) हे अक्षर घाला: ई३ यू३ फी१-चुन३. इथे ‘यू-ई’ ऐवजी नुसता ‘यू’ का आला, ते पाचव्या पायरीत येते.

चौथी पायरी : कर्म आधी आणा

चूक सर्वांत जास्त इथेच होते. साध्या चिनीत क्रियापदानंतर कर्म येते, त्यामुळे शिकणारा ‘अनामत परत करणे’ हे यू-ई थुई-हुआन या-चिन असे लिहितो. यू-ईनंतरच्या क्रियापदामागे कर्म लटकवायचे नसते. ते आधी आणण्याचे तीन मार्ग आहेत.

एक, कर्म सरळ वाक्याच्या सुरुवातीला: या१-चिन१ यू३-ई३ थुई४-हुआन२. ‘अनामत परत करण्यात येईल.’ नोटिशीत हाच मार्ग सर्वांत जास्त दिसतो.

दोन, तुई४ (च्या बाबतीत) वापरून: श्युए२-श्याओ४ तुई४ छंग२-ची४ यो१-श्यो४ त श्युए२-षंग यू३-ई३ प्याओ३-यांग२. ‘उत्तम गुण मिळवणाऱ्या विद्यार्थ्यांचे शाळा जाहीर कौतुक करते.’ ज्याच्यावर क्रिया होते तो माणूस असेल किंवा वर्तन असेल, तर हा मार्ग घ्या.

तीन, च्यांग१ वापरून. बोलण्यातल्या ‘पा३’चा हा लेखी अवतार आहे. निर्णय आणि आदेश यांत तो शोभतो.

मराठी माणसाला इथे फायदा आहे. आपल्या वाक्यात कर्म क्रियापदाच्या आधीच असते. वाक्य मनात मराठी क्रमाने बांधले तर यू-ईपुरते ते बरोबर बसते.

एक अपवाद वाचताना डोळ्यांना खटकेल. कायद्याच्या कलमांत नकाराच्या आखूड रूपानंतर कर्म मागे आलेले दिसते. चीनचा परदेशगमन-आगमन कायदा १ जुलै २०१३ पासून लागू आहे. त्याच्या एकविसाव्या कलमात पू४-यू३ छ्येन१-फ़ा१ छ्येन१-चंग४, म्हणजे ‘व्हिसा दिला जाणार नाही’, अशी रचना आहे. कायद्याच्या मसुद्यात ती रूढ आहे. अर्ज लिहिताना मात्र कर्म आधी आणण्याचीच सवय ठेवा.

पाचवी पायरी : नकार, आणि ‘ई’ कधी गळते

नियम असा: यू-ईच्या आधी एकच अक्षर आले तर ‘ई’ गळते आणि दोन अक्षरांची जोडी तयार होते. पू४ (न) लागला की पू४-यू३. छिंग३ (कृपया) लागला की छिंग३-यू३. यिंग१-यू३ म्हणजे द्यावे, ख३-यू३ म्हणजे देता येईल. श्येन४-यू३ कोंग१-पू४, ‘आता जाहीर करण्यात येत आहे’, हे शब्द चीनच्या राज्य परिषदेच्या (म्हणजे केंद्र सरकारच्या) आदेशांत नवे नियम प्रसिद्ध करताना येतात. काही जोड्या आता स्वतंत्र शब्दच झाल्या आहेत: चुन३-यू३ (परवानगी देणे) आणि म्येन३-यू३ (सूट देणे). चिनी विद्यापीठाच्या अभ्यासक्रम पूर्ण केल्याच्या प्रमाणपत्रावर चुन३-यू३ पी४-ये४ असे असते, म्हणजे ‘उत्तीर्ण होऊन बाहेर पडण्यास मान्यता’. ‘छिंग३ यू३-ई३’ असे पूर्ण रूपही चालते. नकारात मात्र ‘पू-यू’च नीट वाटते.

पू-यूच्या जोड्या नीट ओळखा, कारण त्यांच्या परिणामांत मोठे अंतर आहे.

पू४-यू३ षोउ४-ली३ म्हणजे अर्ज दाखलच करून घेतला नाही, आत काय आहे ते तपासलेले नाही. पू४-यू३ फी१-चुन३ म्हणजे तपासून नामंजूर. पहिल्यात बहुधा कागद अपुरे असतात किंवा तुम्ही चुकीच्या खिडकीवर आलेले असता. दुसऱ्यात प्रश्न पात्रतेचा असतो. १ जुलै २००४ पासून लागू असलेल्या प्रशासकीय परवाना कायद्यानुसार कागद अपुरे असल्यास कार्यालयाने तिथल्या तिथे किंवा ५ दिवसांत, काय काय कमी आहे ते एकदाच आणि पूर्ण सांगायचे असते. न सांगितल्यास अर्ज मिळाला त्या दिवसापासून तो दाखल झाला असे धरतात. परवाना नाकारला तर लेखी निर्णयात कारण द्यावे लागते. व्हिसाचे तसे नाही. वर सांगितलेल्या एकविसाव्या कलमातच, व्हिसा नाकारताना कारण न देण्याची मुभा कार्यालयाला आहे. म्हणून व्हिसाच्या नकारावर ‘कारण लिहून द्या’ असा आग्रह धरण्यापेक्षा कागद तपासून पुन्हा अर्ज करण्यात वेळ घालवणे चांगले.

शिक्षेच्या कागदात ‘पू-यू’च्या आधी काय आहे ते पाहा. प्रशासकीय दंड कायद्याचे सुधारित रूप १५ जुलै २०२१ पासून लागू झाले. त्यानुसार चूक किरकोळ असेल, वेळेत सुधारली असेल आणि नुकसान झाले नसेल तर दंड होत नाही. तिथे नुसते पू-यू आहे. पहिलीच चूक, परिणाम हलका आणि वेळेत सुधारणा, असे असेल तर शब्द आहेत ख३-ई३ पू४-यू३, म्हणजे दंड न करण्याची मुभा. एका ठिकाणी हक्क आहे, दुसऱ्या ठिकाणी कृपा.

व्यापाऱ्यांनी एक ओळ विशेष ध्यानात ठेवावी: तिंग४-चिन१ पू४-यू३ थुई४-हुआन२, ‘तिंग-चिन परत मिळणार नाही’. तिंग-चिन या एकाच उच्चाराचे दोन शब्द आहेत आणि पहिली अक्षरे वेगळी आहेत. एक म्हणजे कायद्याने बांधलेला बयाणा. चीनच्या नागरी संहितेनुसार तो मूळ कराराच्या रकमेच्या २० टक्क्यांहून जास्त धरता येत नाही. देणाऱ्याने करार मोडला तर तो बुडतो आणि घेणाऱ्याने मोडला तर दुप्पट परत करावा लागतो. दुसरा नुसता आगाऊ पैसा, त्याला हा परिणाम आपोआप लागू होत नाही. फोनवर बोलून हा फरक कधीच कळणार नाही. करारातले अक्षर पाहा, आणि शंका असेल तर सही करण्याआधी दुभाष्याला नेमके हेच विचारा.

सहावी पायरी : शेजारचे शब्द

ची३-यू३ हा सख्खा शेजारी. यातले पहिले अक्षर रोजच्या बोलण्यात ‘केइ३’ (देणे) असे वाचतात, पण या शब्दात ‘ची३’. केइ-यू म्हणणारे चिनी लोकही भेटतात, तरी परीक्षेत ते चूकच धरले जाते. ची-यूनंतर नाम चालते आणि कोणाला दिले तेही मध्ये बसते: ची३-यू३ था१ पांग१-चू४, ‘त्याला मदत देणे’. यू-ई था पांग-चू असे होत नाही. शिवाय ची-यूला ‘ल’ खुशाल लावता येतो.

दोघे शेजारी शेजारी पाहायचे असतील तर चीनच्या शिक्षण मंत्रालयाचे २०१७ चे विद्यार्थी व्यवस्थापन नियम उघडा. शिस्तभंगाच्या पाच शिक्षा (ताकीद, कडक ताकीद, नोंद, निगराणीखाली ठेवणे, नाव काढून टाकणे) ची-यूने दिल्या आहेत, कारण ‘शिक्षा’ तिथे नाम आहे. परवानगीशिवाय सलग दोन आठवडे वर्गाला न येणाऱ्याबद्दल मात्र ख३-यू३ थुई४-श्युए२ छू३-ली३ असे आहे, म्हणजे ‘प्रवेश संपुष्टात आणता येईल’. ही शिक्षांच्या यादीतली बाब नाही, वेगळीच कारवाई आहे. परदेशी विद्यार्थ्यांसाठीही विद्यापीठे हे नियम आधाराला घेतात, तेव्हा सुट्टी वाढवून घरी राहण्याआधी लेखी मंजुरी हातात हवी.

च्या१-ई३ सुद्धा पुढे क्रियापदच मागतो, पण तिथे देणारा-घेणारा नसतो. विषय हाताळायचा असतो: विश्लेषण, स्पष्टीकरण, सुधारणा. फ़न१-शी१ (विश्लेषण) सोबत च्या-ई घ्या. चिन४-शिंग२ हा तिघांत सर्वांत सैल, चालू राहणाऱ्या कामांसाठी: चर्चा, तपास, प्रशिक्षण. तो बोलण्यातही चालतो आणि ‘ल’ही घेतो. शंका आली तर चिन-शिंग सुरक्षित, पण मंजुरी आणि परतावा यांना तो जुळत नाही.

सातवी पायरी : स्वतः लिहिताना

विद्यार्थी किंवा अर्जदार म्हणून तुम्ही देणारे नाही, मागणारे आहात. म्हणून तुमच्या लिखाणात यू-ई जवळजवळ नेहमी विनंतीच्या शब्दामागेच येईल: छिंग३-यू३ फी१-चुन३, वांग४-यू३ फी१-चुन३ (मंजुरी मिळावी ही अपेक्षा), किंवा अधिक नम्र खन३-छिंग३ यू३-ई३ फी१-चुन३. विनंतीचा शब्द विसरला तर वाक्याचा अर्थ ‘मंजुरी देण्यात येते’ असा होतो आणि साहेबाऐवजी तुमच्या अर्जावर तुम्हीच निर्णय दिल्यासारखे दिसते.

अर्जाची मांडणी अशी: वर मध्यभागी षन१-छिंग३-षू१ (अर्ज). खाली डावीकडे कोणाला लिहायचे ते, पुढे अपूर्णविराम (:). मजकुराचा प्रत्येक परिच्छेद दोन अक्षरे आत सरकवून. पहिल्या परिच्छेदात तुम्ही कोण आणि कारण काय, दुसऱ्यात तारखा आणि सोबतचे कागद, आणि शेवटच्या ओळीत छिंग-यू फी-चुन. मग दोन अक्षरे आत त्स३-चर४ आणि त्याखालच्या ओळीत अगदी डावीकडून चिंग४-ली३, हा आदराचा समारोप. उजवीकडे खाली नाव, त्याखाली तारीख: वर्ष, महिना, दिवस या क्रमाने.

एका अर्जात यू-ई एकदाच पुरे. प्रत्येक वाक्यात घातला की अर्जदार साहेबी भाषा मिरवतो आहे असे वाटते.

आठवी पायरी : एक नमुना उलगडून

नोटिशीत बहुतेक वेळा अट आधी येते आणि अटीच्या शेवटी ‘त’ हे हलके अक्षर असते. त्याचा अर्थ ‘ज्यांचे असे असेल त्यांच्या बाबतीत’. अशी ओळ घ्या: त्साई२-ल्याओ४ पू४ छ्युएन२ त, पू४-यू३ षोउ४-ली३, यू२-छी१ त, पू४-यू३ खाओ३-ल्यू४, फ़ू२-ह२ थ्याओ२-च्येन४ त, यू३-ई३ फी१-चुन३. कागद अपुरे असल्यास अर्ज दाखल करून घेतला जाणार नाही. मुदत उलटल्यास विचार होणार नाही. अटी पूर्ण असल्यास मंजुरी मिळेल. ‘मुदत उलटणे’ यातला यू२ वेगळे अक्षर आहे, त्याचा ‘देणे’शी संबंध नाही. कानाने वाचणारे इथे फसतात.

अशी नोटीस वाचताना आधी सगळे ‘त’ खुणेने अधोरेखित करा, मग सगळे ‘यू’. प्रत्येक ‘त’ला पुढचा ‘यू’ जोडला की नियमांचे तक्ते आपोआप तयार होतात आणि उरलेले शब्द कोशात पाहणे सोपे जाते.

आणि खिडकीवर कर्मचाऱ्याने पू-यू षोउ-ली असे सांगितलेच, तर त्याच भाषेत उत्तर द्यायला जाऊ नका. साध्या चिनीत विचारा: हाय२ छ्युए१ षन२-म त्साई२-ल्याओ४? ‘अजून कोणते कागद कमी आहेत?’ उत्तर कागदावर लिहून घ्या, आणि काम परवान्याचे असेल तर यादी पूर्ण आहे ना, हे तिथेच पुन्हा विचारून घ्या.